मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो?

मृग लागतो तेव्हा आकाशात मृग दिसत नाही! हे ध्यानात आल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. रिक्षावाल्याला, शेजारच्या काकूंना, गुलमंडीवर खरेदीला सोबत आलेल्या बहिणीला. दर वर्षी 7-8 जूनला आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, ‘मृग निघाला,’ आणि बी-बियाणं, खतं, ढग यांच्या गप्पा सुरू होतात. पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला, मागे व्याध लागलेला, अख्खा हिवाळा डोक्यावरून पळणारा तो मृग त्या दिवसांत मात्र सूर्याच्या उजेडात पार बुडालेला असतो. सूर्य त्या नक्षत्रात शिरला म्हणूनच तर मृग लागला!

हे बुडणं मी या उन्हाळ्यात सिडकोतल्या आमच्या गच्चीवरून पाहिलं. तापलेल्या फरशीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची आणि पश्चिमेकडे तोंड करून बसायचं. एप्रिलअखेर दिवेलागणीनंतर मृग अजून बराच वर होता. मेच्या मध्याला तो छावणीपलीकडच्या धुरकट पट्ट्यात टेकला, आणि मग एका संध्याकाळी नाहीच. रोहिणी त्याच्याही आधी गेली. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत येतो, हे वाक्य पंचांगात कितीदा वाचलं असेल! पण ती लालसर चांदणी रोज थोडी खाली सरकत उजेडात जाताना पाहिली, तेव्हा त्या छापील ओळीने माझ्या पोटात कालवाकालव केली.

आणि मग पाठ वळवली, तर समोर ज्येष्ठा! वृश्चिकाच्या काळजातला तांबडा तारा, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. रोहिणी आणि ज्येष्ठा आकाशात जवळजवळ बरोबर समोरासमोर आहेत. एक सूर्यापाशी गेली की दुसरी रात्रभर आपल्यापाशी. ज्येष्ठाच्या पौर्णिमेचा, म्हणजे वटपौर्णिमेचा चंद्र याच ज्येष्ठेच्या आसपास असतो, तसा चैत्रातला चित्रेच्या आणि वैशाखातला विशाखेच्या. इतकी वर्षं वडाला सूत गुंडाळलं, आता त्या रात्री चंद्राच्या शेजारी कोण बसलंय तेही बघणार आहे.

गच्चीवर भागेना, म्हणून मेमध्ये अंधाऱ्या पंधरवड्यात खुलताबादच्या पुढे म्हैसमाळला गेलो. काय आकाश ते! सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे नेला की चित्रा. वसिष्ठाला चिकटलेली अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसली, तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले. रात्री साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर त्रिशंकू उभा होता. दिल्लीकरांना तो धड दिसत नाही. आपल्याला दिसतो!

माझे मामा पैठण तालुक्यात शेती करतात. त्यांना फोन करून मोठ्या उत्साहाने म्हटलं, ‘मामा, मृग लागतो तेव्हा तो दिसतच नाही!’ ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, दिसतो तेव्हा हिवाळा असतो. दिसेनासा झाला की आम्ही तिफण काढतो.’ मग ते पंचांगातल्या नक्षत्रांच्या वाहनांवर आले. वाहन म्हैस, बेडूक, हत्ती निघालं की पाऊस भरपूर. वाहनावरून पाऊस ठरत नाही, हे मलाही कळतं आणि त्यांनाही. पण वैशाखात विहिरीने तळ गाठलेला असताना ‘हत्ती आहे यंदा’ एवढं वाचून माणूस बियाण्याची पिशवी घ्यायला निघतो. त्या आशेला नावं ठेवायला मी तयार नाही. शिवाय सूर्य कोणत्या दिवशी कोणत्या नक्षत्रात, हे गणित तर पक्कंच आहे.

ते गणित आपल्या अंगणातलं आहे, याने तर मी वेडीच झाले! 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. देवगिरी, म्हणजे आपला दौलताबाद, अजिंठा-वेरूळच्या पाहुण्यांना दाखवतो तो! आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या चांगदेवाने मठ काढला. त्याचा 1207 चा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा भाग चक्क मराठीत: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठाला दिला, अशी ती नोंद. बाजारात गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांतून तिथे ग्रहताऱ्यांचं गणित शिकवलं जात होतं. आठशे वर्षांपूर्वी, इथे!

तर आता पाटणला जायचं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत, कारण पुढे चार महिने ढग आपले आणि आकाश त्यांचं. सकाळी निघायचं, गौताळ्याच्या बाजूने घाट उतरायचा, आणि रात्री चाळीसगावात एखादी उघडी गच्ची शोधून ज्येष्ठा दक्षिणेला पुरती वर येईपर्यंत जागायचं. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोण येतंय?