संकासूर

फाकपंचमीला, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीला, रत्नागिरीच्या खेड्यांत शिमग्याची चाहूल लागे आणि आम्हां मुलांचे कान घुंगरांच्या आवाजाकडे लागत. खेळ्यांसोबत संकासूर येई. काळा पायघोळ वेश, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांची माळ. हातातला पिळलेला फडका उगारून तो धावला, की आम्ही माजघरात पळत असू. त्याने पाठ फिरवली, की पुन्हा पडवीत. भीती होतीच, पण त्याने आपल्याला वगळून दुसऱ्याच मुलामागे धावावे, हेही सहन होत नसे.

आजी मात्र त्याला नारळ देई आणि घरातले तान्हे मूल निःशंकपणे त्याच्या हाती सोपवी. पुराणातला शंखासुर वेद चोरणारा दैत्य. मत्स्यावतारात विष्णूने त्याला मारले. लोकांच्या तोंडी ‘श’चा ‘स’ झाला, ‘ख’ची महाप्राणता गेली आणि संकासूर उरला. हे ध्वनिपरिवर्तन वर्गात सहज समजावता येते. परंतु दैत्याचा राखणदार कसा झाला, याचे उत्तर भाषाशास्त्राकडे नाही. ते आजीकडे होते. तो घरातली इडापिडा घेऊन जातो, एवढेच ती सांगे.

सोंगाआडचा माणूस कोण, हे साऱ्या वाडीला ठाऊक असे. एरवी तो अंगणाच्या कडेला उभा राहून, मान खाली घालून आजोबांशी बोले. सोंग चढले, की आजोबा त्याला हात जोडीत. आणि शिमगा सरेपर्यंत त्याचे खरे नाव आमच्या घरात कोणी उच्चारीत नसे.