एम.ए.ची दोन वर्षं आणि नगर जिल्ह्याच्या बातम्या

समाजशास्त्र पुस्तकातून शिकावं की वर्तमानपत्रातून, असं कोणी विचारलं तर आम्ही म्हणू की नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला या दोन्हींत फरक करता येत नाही. २०१३ ते २०१५ या काळात आम्ही नगर शहरात समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. त्या दोन वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव ज्या बातम्यांनी राज्यभर गेलं, त्या बातम्या आणि आमचा अभ्यासक्रम आजही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

आधी राहण्याचं. खोली शोधायला गेलो की घरमालक भाड्याच्या आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, आणि गावात घर कोणत्या बाजूला, हे विचारायचे. चार घरं फिरल्यावर कॉट बेसिसवर जागा मिळाली. शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर जमा झाली, त्यामुळे वर्षभर पुस्तकांऐवजी झेरॉक्स आणि एक डबा दोघांत. ग्रंथालयात वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळायचं, म्हणून दिवसाची सुरुवात तिथेच व्हायची.

वर्गात एम. एन. श्रीनिवास यांची 'प्रभावी जात' ही संकल्पना शिकवली जात होती. जमीन, संख्या आणि सत्ता ज्या जातीच्या हाती, तिचा शब्द गावात चालतो. उदाहरण म्हैसूरकडच्या रामपुरा गावाचं. आमच्या मनात मात्र नेवासा तालुक्यातलं सोनई होतं. १ जानेवारी २०१३ रोजी तिथे मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली, कारण त्यांच्यातल्या एकाचे मराठा मुलीशी प्रेमसंबंध होते. मग २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारलं गेलं. तो शाळेत शिकणारा मुलगा होता. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. वादाचं निमित्त होतं मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन.

वर्तमानपत्रं यातल्या पहिल्या दोन घटनांना 'प्रेमप्रकरणातून खून' म्हणत होती. हा शब्दच फसवा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी अंतर्विवाहात, म्हणजे जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत दाखवलं. तेही तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थीच होते! ते सूत्र हाती घेतलं की सोनई आणि खर्डा या रागाच्या भरातल्या घटना राहत नाहीत. ती जातीच्या कुंपणाची राखण ठरते. एकीकडे राज्य सरकार आंतरजातीय विवाहाला पन्नास हजार रुपये अनुदान देतं, दुसरीकडे गावात नुसत्या बोलण्याची किंमत जीव असते.

निकालांचं समाजशास्त्र तर कोणत्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही. सोनईचा खटला जिल्ह्याबाहेर नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. खर्ड्याचा खटला नगरलाच चालला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयात कोपर्डीच्या आरोपींना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीच्या लेकीला न्याय मिळालाच पाहिजे होता, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की त्या खटल्यामागे जसा समाज आणि शासन उभं राहिलं, तसं नितीनच्या खटल्यातल्या साक्षीदारांमागे कोण उभं होतं? ज्याला उद्या त्याच गावात दळण दळायचं आहे, त्याच शाळेत नोकरी करायची आहे, तो एकटा किती दिवस टिकणार?

आम्ही आज सामाजिक काम करतो ते याच प्रश्नातून. अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, स्टेटस ठेवतो. मोर्चा हवाच. पण खटला वर्षानुवर्षं चालतो आणि तारखेला कोर्टात पीडित कुटुंब एकटं बसलेलं असतं. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आलं. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, सुनावणीची माहिती हे आता हक्क आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे, हा नियम आहे. ती झाली का, तिच्यात कोणते गुन्हे चर्चेला आले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला एक साधा अर्ज लागतो.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. याच शहरात मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव पुण्याला परतले आणि शाळा काढायच्या कामाला लागले. बघून आलेलं त्यांनी करून दाखवलं. शिकणाऱ्या भावाबहिणींनो, तुमच्या तालुक्यातला एक खटला निवडा. बातम्यांची कात्रणं तारखेसह फाईलला लावा. प्रत्येक सुनावणीला पाळी लावून दोघे-तिघे कोर्टात जाऊन बसा. साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला समोर आपली माणसं दिसली पाहिजेत.

जयभीम!