काजव्यांच्या रात्री आणि वळवाची वीज

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला की भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे दिसू लागतात. घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडीच्या वाटांवर हिरडा-बेहड्याची झाडे अंधारात लुकलुकतात आणि मुलाबाळांसह कुटुंबे तेथे लोटतात. वळवाच्या विजाही याच दिवसांतल्या. सकाळभर तापलेली जमीन, वर चढणारी दमट हवा आणि दुपारनंतर उभे राहणारे काळे ढग हा येथला नित्यक्रम. म्हणजे काजवे पाहण्याची वेळ नेमकी धोक्याच्या वेळेला लागून येते.

म्हणून मुक्काम एकाऐवजी दोन रात्रींचा ठेवावा. एक संध्याकाळ ढगांनी घेतली तरी दुसरी उरते आणि ‘आलोच आहोत तर पाहून जाऊ’ हा घातक हट्ट आपोआप सुटतो. कळसूबाई चढायचे असेल तर पहाटे निघून दुपारपूर्वी बारी गावात परतावे. १६४६ मीटर उंचीच्या त्या उघड्या माथ्यावर, लोखंडी शिड्यांच्या वाटेवर, वादळात आसरा असा नाहीच. शिखरावरचे लहानसे देऊळही त्या कामाचे नाही. निघण्यापूर्वी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप पाहावे. मात्र डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेथे कानांवर भिस्त ठेवावी. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. गडगडाट ऐकू आला, की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असेच धरावे, डोक्यावर चांदणे असले तरी.

अशा वेळी काजव्यांचे झाड प्रथम सोडावे. पक्के घर किंवा काचा बंद केलेली, पत्र्याच्या छताची मोटार गाठावी; तंबू आणि ताडपत्रीची टपरी केवळ पावसापुरती. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. उघड्यावर अडकल्यास सर्वांनी एकमेकांना बिलगून बसू नये, अंतर राखावे. जमिनीतून पसरणारा प्रवाह एका वेळी अनेकांना गाठतो. आईच्या मायेला हे कठीण, पण आवश्यक आहे.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावण्यास मुळीच कचरू नये. श्वास थांबला असेल तर १०८ क्रमांकावर फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने तत्काळ छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, दाब देण्यास आरंभ करावा. अनेकजण जखमी असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. कण्हणाऱ्याचा श्वास चालू असतो.