सिल्लेवानी घाटाखालचा मुलूख

नागपूरहून सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं, की राज्याची हद्द कधी मागे पडली ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. वावरं तीच, धुऱ्यावरचे पळस तेच, पऱ्हाटीत ओणव्या झालेल्या वेचणाऱ्या बायाही त्याच. सरकारी पाट्या हिंदीत होतात; पारावर बसलेली माणसं मराठीतच बोलत राहतात. हा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख. उत्तरेला सिल्लेवानीचा घाट चढला की सुमारे 675 मीटर उंचीवरचं छिंदवाडा लागतं आणि तिथून पुढे हिंदीचं राज्य. घाटाखाली काळी जमीन, कापूस, संत्रा आणि वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी.

हे नातं जुनं आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह मुळात देवगडचा, आणि देवगडचा किल्ला याच छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे शाळा, कोर्ट, दवाखाना, बाजार, सगळ्यासाठी पावलं दक्षिणेकडे वळायची. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. घाटाखालच्या गावांची राजधानी हाकेच्या अंतरावरच्या नागपूरऐवजी भोपाळ झाली. पावलांनी मात्र वाट बदलली नाही. आजही मोठा आजार निघाला की माणूस नागपूरला नेतात आणि संत्रा तिथल्याच कळमन्याच्या बाजारात जातो.

पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचं स्टेशन; सौंसरला मात्र कित्येक पिढ्या नॅरोगेजची छोटी गाडीच होती. ती 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि त्याच मार्गावर पुढे ब्रॉडगेज आली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी सौंसरहून पांढुर्ण्याकडे निघालो आणि वाटेत एका लहान गावात थांबलो. या दिवसांत इथं आल्यावर एक अपूर्व गोष्ट दिसते. एका बगीच्यात झाडं पांढऱ्या फुलांनी लदलेली आणि धुऱ्यापलीकडच्या बगीच्यात केशरी फळांची तोड चाललेली. पहिल्यानं आंबिया बार धरलेला असतो, दुसऱ्यानं मृग. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ पावसाळ्यानंतर निघतं. मृगाची फुलं पहिल्या पावसावर येतात, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोणता बार धरायचा हे विहिरीच्या पाण्यावर ठरतं. आंबिया घेणाऱ्याला सगळा उन्हाळा झाड जगवावं लागतं. मृग घेणारा मे महिन्यात झाडाला ताण देऊन आभाळाकडे पाहतो; पाऊस वेळेवर आला नाही तर बार फुटतच नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे बोर्डो मलम बनवण्याचं काम चाललं होतं. आंबियाचा तोडा होऊन झाडांवरची वाळकी सल काढून झाली होती आणि कापलेल्या जागा उघड्या पडल्या होत्या. त्यांनी एक किलो मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत रात्रीच भिजत घातला होता. दुसऱ्या बादलीत एक किलो कळीचा चुना विरवलेला. दोन्ही मिळून पाणी दहा लिटर. निळं आणि पांढरं पाणी त्यांनी एकत्र ओतलं, काडीनं ढवळलं आणि कमरेचा विळा काढून त्यात बुडवला.

"पाहा भाऊ, लाल झाला का?" त्यांनी पातं माझ्यापुढे धरलं. "लाल झाला तं चुना कमी पडला समजा. असं लावलं तं झाड पोळते."

पात्यावर तांबूस झाक होती. त्यांनी आणखी चुन्याची निवळी ओतली, विळा पुसून पुन्हा बुडवला, आणि पातं स्वच्छ निघालं तेव्हाच कुंचा हातात घेतला. लोखंडावर तांबं बसतं का, हे पाहणारी ही परीक्षा रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य होईल. 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत सापडलेलं हे औषध इथल्या जाम नदीच्या खोऱ्यातल्या संत्र्याला डिंक्यापासून वाचवतं. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, खोडातून डिंक गळू लागतो आणि दहा-पंधरा वर्षं लेकरासारखं वाढवलेलं झाड डोळ्यांदेखत वाळतं. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं आणून लावली, तरी पहिलं मनाजोगं पीक मिळायला पाच-सहा वर्षं जातात. मधल्या काळात घर चालतं ते झाडांच्या ओळींत घेतलेल्या हरभऱ्यावर आणि दुसऱ्या वावरातल्या कपाशी-तुरीवर. घरात एखादा मुलगा बोरगावच्या कारखान्यांत पाळीवर जात असेल, तर मोठा आधार.

एवढं करूनही भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. व्यापारी बगीच्यात फिरतो, झाडं न्याहाळतो आणि सगळा बगीचा उक्ता मागतो. बयाणा मिळाला की तोड त्याच्या सवडीनं होते. तोवर गारपीट झाली तर फळावर डाग पडतात आणि ठरलेला भाव पुन्हा बोलण्यात येतो. मागच्या काही वर्षांत बांगलादेशानं संत्र्यावरचं आयातशुल्क चढवत नेलं, त्याचा फटका थेट या गावांपर्यंत पोचला. ढाक्यात घेतलेला निर्णय पांढुर्ण्याच्या बगीच्यातला दर पाडतो, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बाहेरच्या लोकांना पांढुर्णा ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. श्रद्धा मोठी असेल, पण आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावणाऱ्या हातांत दुसऱ्या दिवशी दगड पाहणं मला सोसत नाही. या मुलखाची ओळख त्याच्या बगीच्यांनी व्हावी, असं मनापासून वाटतं.

गावातलं जेवण साधं आणि चोख होतं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर. जेवताना विषय निघाला नव्या जिल्ह्याचा. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह मध्य प्रदेशाचा 55 वा जिल्हा झाला. आता कलेक्टरच्या सहीसाठी घाट चढून छिंदवाड्याला जावं लागत नाही, हे सगळ्यांनीच समाधानानं सांगितलं. जमिनीच्या खसऱ्याची कागदपत्रं हिंदीतच असतात, ती नातवंडं वाचून दाखवतात. नातवंडांची शाळा हिंदीत आणि घरातलं बोलणं मराठीत, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या जिभेवर आहेत. मराठी लिहायला मात्र त्यांना कुणीतरी शिकवायला हवं. नागपुरातल्या मराठी संस्थांना हे काम अवघड नाही. मराठीची पुस्तकं आणि शिकवणारी माणसं घेऊन त्यांनी इथवर यावं.

वाट काही लांबची नाही. संत्र्याचं संशोधन करणारी केंद्रीय संस्था 1985 पासून नागपुरातच आहे, तिचे तज्ज्ञ सकाळी निघाले तर दुपारपर्यंत या बगीच्यांत पोचतात. वाचकांनीही पोचावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावनेर-सौंसर-पांढुर्णा या रस्त्यानं गाडी काढा, मृगाची तोड चालू असलेल्या बगीच्यापाशी थांबा आणि संत्रा शेतकऱ्याकडूनच, त्याच्याशीच भाव ठरवून घ्या.