चलनाची सक्ती आणि व्यापाऱ्याचा गल्ला

आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा-कोरपन्याचा मुलूख एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदीच्या बल्लारपूरकडील काठावर इंग्रजांचा कलदार रुपया चाले, राजुऱ्याकडील काठावर निजामाचा हाली सिक्का. दोन्हींचे नाव रुपयाच. पण शंभर कलदारांसाठी हाली ११६ रुपये, १० आणे, ८ पै मोजावे लागत. म्हणजे सहास सात हा भाव. नदीपलीकडे कापूस, धान्य वा कापडाचा सौदा करणाऱ्याला आधी एक गोष्ट पक्की करावी लागे : दाम कलदार की हाली? ही नोंद वहीत राहून गेली आणि कलदाराच्या जागी हाली हाती पडला, तर रकमेचा सातवा हिस्सा बुडे. एवढा नफा तरी किती सौद्यांत असतो?

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. हाली सिक्का मात्र एका रात्रीत कवडीमोल झाला नाही. पुढील दशकात तो टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आला आणि सात हालीस सहा भारतीय रुपये या ठरलेल्या दराने बदलून मिळाला. ज्या नाण्याचा स्वीकार राज्याने प्रजेकडून करवून घेतला, त्याची जबाबदारी पुढच्या राज्यानेही नाकारली नाही. चलनाच्या सक्तीला नैतिक बळ येते ते या जबाबदारीतून.

हा इतिहास आठवण्याचे कारण म्हणजे आजचा एक प्रश्न. दुकानाच्या गादीवर नव्याने बसणारी, मोबाइलवर बिटकॉइनचा भाव पाहणारी तरुण पिढी विचारते, ‘सरकारने आभासी चलनाला मान्यता देऊन प्रत्येक दुकानदाराला ते घ्यायला का लावू नये?’

हा प्रयोग जगात होऊन गेला आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या छोट्या देशाने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला वैध चलन केले. त्या कायद्याच्या सातव्या कलमाने व्यापाऱ्यांवर ते स्वीकारण्याची सक्ती केली. तांत्रिक साधने नसलेल्यांना तेवढी सूट होती. शासनाने स्वतःचे मोबाइल पाकीट काढले आणि ते घेणाऱ्या नागरिकाला ३० डॉलरचे बिटकॉइन देऊ केले. तरीही बहुसंख्य लोकांचा रोजचा व्यवहार डॉलरमध्येच राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १७,००० च्या खाली आला. अखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १४० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार करताना जानेवारी २०२५ मध्ये ही सक्ती काढून टाकण्यात आली.

कोरपन्याच्या दुकानदाराने हा हिशेब आपल्या गल्ल्याशी ताडून पाहावा. त्याला मालाचे पैसे रुपयांत चुकवायचे असतात, हमालाची मजुरी रुपयांत द्यायची असते, बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज रुपयांत भरायचे असते आणि जीएसटीही रुपयांतच. खर्चाची प्रत्येक बाजू रुपयांत आणि जमा मात्र रोज हेलकावे खाणाऱ्या वस्तूत, असे झाले तर तो किराणा-कापडाचा व्यापारी राहत नाही; इच्छा नसताना सटोडिया होतो. स्वेच्छेने जोखीम घेणे हा व्यापार आहे. दुसऱ्याने लादलेली जोखीम हा भुर्दंड आहे.

भारतात आभासी चलन बाळगण्यास बंदी नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण ते वैध चलन नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला डिजिटल रुपया ही निराळी गोष्ट. त्याच्यामागे नोटेप्रमाणेच रिझर्व्ह बँक उभी आहे. आणि यूपीआय तर २०१६ नंतर चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले ते छोट्या दुकानदारावर कायद्याची सक्ती नसतानाच. इलेक्ट्रॉनिक भरण्याची सोय ठेवण्याचे कायदेशीर बंधन ५० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांवर आहे. सोय झाली, पैसे तत्काळ आणि रुपयांतच खात्यात आले, म्हणून व्यापाऱ्याने ते आपणहून स्वीकारले.

तेव्हा कसोटी साधी आहे. जे चलन शासन स्वतः करापोटी दर्शनी किमतीने घेते आणि ज्याची हमी स्वतः देते, त्याच्याच स्वीकाराचा आग्रह त्याने धरावा. बिटकॉइन या कसोटीला उतरत नाही.

परंतु हीच कसोटी व्यापाऱ्यालाही बांधते. विदर्भातील अनेक बाजारांत दहा रुपयांचे नाणे ‘चालत नाही’ म्हणून परत केले जाते. वास्तविक १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की या नाण्याच्या तेव्हा प्रचलित असलेल्या चौदाही नक्षी वैध आहेत. नाणे कायदा २०११ नुसार रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. दुकानदाराने नाकारलेले नाणे पडून राहते ते एखाद्या कापूस वेचणाऱ्या मजुराच्या कनवटीला. त्याच्या मजुरीतील तो भाग अफवेपायी निरुपयोगी होतो. ज्या जोखमीला व्यापारी भुर्दंड म्हणतो, ती त्याने आपल्याहून दुबळ्याच्या माथी मारलेली असते.

आभासी चलनाची सक्ती नको, असे म्हणण्याचा अधिकार व्यापाऱ्याला जरूर आहे. गल्ल्यावर आलेले दहाचे नाणे कुरकुर न करता घेतले, तर त्या म्हणण्याला वजन येईल.