मायेलाही माप हवे

घरात कुणी आजारी पडले की सर्वांत आधी स्वयंपाकघर जागे होते. कुणी खजूर-बदाम आणते, कुणी दुधाचा पेला मोठा करते, कुणी ताकदीच्या गोळ्यांची बाटली पाठवते. आजार कॅन्सरचा असेल तर विचारायलाच नको! या मायेच्या बळावर कित्येक माणसे उभी राहतात. पण थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये काय खाल्ले याइतकेच कधी खाल्ले यालाही महत्त्व असते.

हा कॅन्सर पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतो. वेळीच उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. गळ्यातली ग्रंथी काढली की नातेवाईक म्हणतात, ‘सुटली बिचारी!’ मात्र त्या ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमचा हिशेब त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला तर पहिल्या काही दिवसांतच कॅल्शियम घसरते. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, हातापायांत गोळे येतात. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, जरा पड.’ आणि सोसायची सवय असलेली बाई गप्प पडून राहते. असे मुळीच करू नये. मुंग्या आल्या की लगेच डॉक्टरांना कळवावे. हातापायांचे स्नायू आखडले किंवा श्वास अडकला तर थेट रुग्णालय गाठावे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. काहींना मात्र त्या कायम घ्याव्या लागतात.

पुढे रोज सकाळी थायरॉइडची गोळी येते. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. सासूबाई प्रेमाने गरम दूध पुढे करतात. पण दुधातल्या कॅल्शियममुळे गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांतही चार तासांचे अंतर हवे. एकाच वेळी सगळ्या गोळ्या गिळून मोकळे होण्यात काही शहाणपण नाही.

मिठाची गोष्ट तर आणखी वेगळी. गलगंडाविरुद्ध देशात १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ हळूहळू घरोघरी पोहोचले. तेच मीठ किरणोत्सारी आयोडीन घेण्यापूर्वी एक-दोन आठवडे बंद करावे लागते. उरलेल्या पेशी आयोडीनला भुकेल्या असल्या तरच औषध अधाशासारखे ओढून घेतात. म्हणून दूध-दही, अंड्याचा पिवळा बलक, समुद्रातले मासे, बाहेरचे खाणे, लोणची-पापड हे सारे त्या दिवसांत दूर ठेवायचे. खडे मीठ किंवा सैंधव म्हणजे आयोडीन नसणारच, असे समजू नये. पाकीट वाचावे, डॉक्टरांना विचारावे. उपचार संपल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा नेहमीचे मीठ पुन्हा सुरू करावे.

‘ड जीवनसत्त्व कमी होते म्हणूनच कॅन्सर झाला,’ असेही कुणी ठामपणे सांगते. अनेक रुग्णांत ते कमी आढळते हे खरे. पण आपल्याकडे निरोगी माणसांतही ते सर्रास कमी असते. कमतरता भरून काढावी, तिला आजाराचे कारण ठरवून बाईला दोष देऊ नये. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सावध राहावे. काही पद्धतींच्या रक्ततपासणीत बायोटिनमुळे आकडे चुकतात. कॅन्सर परतला का, हे सांगणारे थायरोग्लोब्युलिनही खोटेच कमी दिसू शकते. अशा वेळी समाधानकारक अहवालच घात करतो. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना प्रत्येक गोळीचे नाव सांगावे, ती ताकदीची असली तरी.

खरी मदत करायचीच असेल तर बिनमिठाच्या त्या दोन आठवड्यांत स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हाती घ्यावा. स्वतःसाठी वेगळे आणि घरासाठी वेगळे, असे दोनदा रांधण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. बदामाच्या पुडीपेक्षा तिला याचीच गरज अधिक असते.