आरंभीची शिल्लक

पासबुक हातात पडलं, की खातेदार शेवटचा आकडा बघतो नि ते खिशात घालतो. वरच्या नोंदी वाचणारा माणूस एक तर संशयी असतो किंवा सेवानिवृत्त. मग मला सांगा, ज्या गोष्टीची अखेरची शिल्लक सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्या वरच्या नोंदी सव्वादोन तास कोण वाचणार?

हा प्रश्न आमच्या घरात उपटला तो 'ट्विन पीक्स'वरून. १९९० साली अमेरिकन टीव्हीवर आलेली ही मालिका. लाकडाच्या धंद्यावर जगणारं एक गाव, पाण्याच्या काठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लॉरा पामर या शाळकरी मुलीचं प्रेत, आणि खुनी कोण हा सवाल. तपासाला आलेले एफबीआयचे कूपरसाहेब खुन्याइतकीच कॉफीची आणि चेरीच्या पायची चौकशी करतात, त्यामुळे ते आम्हा बँकवाल्यांना अगदी घरचे वाटतात. ३० भागांनंतर १९९१ मध्ये मालिका थांबली, आणि १९९२ मध्ये डेव्हिड लिंच यांनी 'फायर वॉक विथ मी' हा सिनेमा काढला. त्यात लॉराचे शेवटचे सात दिवस.

आमच्या हिचं म्हणणं, "आधीचं आधी बघावं. बालकांड सोडून कुणी रामायण वाचतं का?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, खुनी मालिकेतच कळतो ना? मग वेळ कशाला घालवायचा?"

हिचा क्रम धरला, तर ३० भागांचं रहस्य मुदतीआधी मोडलेल्या ठेवीसारखं हातचं जातं. तेव्हा आधी मालिका, हे नक्की. चिरंजीवांचं म्हणणं मात्र तितकंसं सोपं नाही.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक टीव्ही फोडतात. ही म्हणाली, "हप्ते फिटले होते का त्याचे?" पुढचा अर्धा तास भलतंच गाव, भलताच खून. मेलेल्या बाईचं आडनाव बँक्स! मी सावरून बसलो, पण बँकेचा काही संबंध निघाला नाही. कूपरसाहेब जेमतेम डोकावून जातात. पायच्या आशेने आलेले प्रेक्षक रुसले आणि अमेरिकेत सिनेमा साफ पडला.

पण नंतर लॉरा येते. मालिकेत लॉरा म्हणजे एक प्रेत आणि एक फोटो. शेरिल ली या नटीला मुळात घेतलं होतं तेवढ्यासाठीच. इथे ती चालते, हसते, घाबरते. गाव तिला ओळखतं, पण तिच्यावर काय गुदरतंय ते गावाच्या गावी नाही. ३० भाग आपण 'कोणी मारलं?' विचारत बसलो. 'मेली ती कोण होती?' हे विचारायचं राहूनच गेलेलं.

आमच्याकडे एकदा एक बाई मयत मुलीचं खातं बंद करायला आल्या. मी शेवटच्या आकड्यावर पेन्सिल ठेवली. त्यांनी बोट वर नेलं. "ही कॉलेजची फी. हे मैत्रिणीच्या लग्नाचे. हा पहिला पगार." मागे रांग वाढत होती, पण कोणी कुरकुरलं नाही.

तेव्हा सिनेमा बघावा. मालिका संपल्यावर आणि घरातली लहान मुलं झोपल्यावर; कारण त्यातला छळ नुसता दिसत नाही, लागतो. शिवाय २०१७ मध्ये मालिकेचे आणखी १८ भाग आले, त्यांचे काही धागे या सिनेमाखेरीज उलगडत नाहीत. त्या १८ भागांचं वेळापत्रक हिने आखलंय. कॉफी मी करायची आहे.